एप्सिलॉन एरिडानीला नेमके ग्रह किती, आणि तो पेडण्यातून दिसेल का?

गोव्यातल्या पेडण्याहून बारावीतल्या एका मुलीचा प्रश्न आलाय. तिच्याच शब्दांत थोडक्यात देतो: "काका, एप्सिलॉन एरिडानी हा नारिंगी बटुतारा आपल्यापासून साडेदहा प्रकाशवर्षांवर आहे. त्याला कुठे एक ग्रह लिहिलेला सापडतो, कुठे दोन, कुठे 'अजून वाद आहे' असं. खरं काय धरायचं? नारिंगी ताऱ्यांभोवती जीवसृष्टीची शक्यता सूर्यापेक्षा जास्त असते म्हणतात, मग तिथे असेल का? आणि बाबांनी आठ इंची दुर्बीण घेऊन दिलीय, तिच्यातून तो ग्रह दिसेल का?"

मी पगारी खगोलशास्त्रज्ञ नव्हे. गेली सत्तावीस वर्षं फोंड्यातल्या घराच्या गच्चीवरून, आणि जमेल तेव्हा सत्तरीतल्या माळांवरून, ताऱ्यांची प्रखरता मोजत आलोय. या ताऱ्याच्या मागे तर तीन हिवाळे घालवलेत, आणि एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय. ते पुढे सांगतो.

आधी घाईचं उत्तर. ग्रह एक, तो खुशाल धर. दुसरा वहीत पेन्सिलीनं लिहून ठेव. जीवसृष्टी बहुतेक नाही. तुझ्या दुर्बिणीतून ग्रह दिसणार नाही, पण तारा मात्र दुर्बिणीशिवायच दिसेल. आता सावकाश बोलू.

तारा शोधायला जानेवारीचा मध्य सगळ्यात सोयीचा. रात्री साडेआठच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभी राहा. डावीकडे, पूर्वेच्या बाजूला मृग नक्षत्र असेल. मृगाच्या चार पायांतला सगळ्यात तेजस्वी, निळसर पांढरा तो राजन्य. हात पूर्ण ताणून मूठ धरलीस की ती आकाशात साधारण १० अंश व्यापते. राजन्यापासून उजवीकडे, किंचित वर चढत, अडीच मुठी मोज. तिथे दोन मध्यम तारे जवळजवळ दिसतील, एकमेकांपासून अडीच अंशांवर. त्यांतला राजन्याकडचा, थोडा जास्त ठळक, तो डेल्टा एरिडानी. त्याच्या पलीकडचा, ३.७ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद), तो तुझा तारा. गोव्याच्या अक्षांशावरून तो दक्षिणेला सुमारे ६५ अंश उंचीपर्यंत चढतो, त्यामुळे माडांच्या शेंड्यांची अडचण येत नाही.

बरेच जण या दोघांत फसतात. पहिल्या वर्षी मीही महिनाभर डेल्टाकडेच भक्तिभावानं बघत होतो. त्यात नावांनी गोंधळ वाढवलाय. डेल्टाचं रूढ नाव राना, लॅटिनमध्ये बेडूक. आणि एप्सिलॉनला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं २०१५ साली दिलेलं नाव रान. हे नॉर्स पुराणातल्या समुद्रदेवीचं नाव, जी जाळं टाकून खलाशांना ओढून नेते. तिच्या नवऱ्याचं नाव एगिर, ते ग्रहाला मिळालं. अमेरिकेतल्या एका शाळेच्या मुलांनी ही नावं सुचवली होती. मराठी माणसाला रान म्हटलं की झाडी आठवणार आणि राना म्हटलं की सत्तरीतले राणे, त्याला इलाज नाही. समुद्रात रापण टाकणाऱ्यांच्या प्रदेशात राहणाऱ्या तुला जाळंवाली देवी तरी लक्षात राहील.

मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्याचं आकाश पूर्वीचं राहिलेलं नाही, ते तुला माहीतच आहे. तो उजेड पाठीशी येईल अशी जागा धर. मोरजी-हरमलच्या बाजूचा किनाराही उजळलेला असतो, म्हणून तारा पश्चिमेकडे कलण्याआधीच, म्हणजे साधारण दहाच्या आत, बघून घे. आज तुझ्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश तू पहिली-दुसरीत असताना तिथून निघालेला आहे.

तो नारिंगी दिसला नाही तर नाराज होऊ नकोस. संत्र्यासारखा रंग कुणालाच दिसत नाही. या ताऱ्याच्या पृष्ठभागाचं तापमान आहे सुमारे ५,०८० केल्विन. आता घरातल्या एलईडी बल्बचं खोकं काढून बघ. पिवळसर उजेडाच्या बल्बवर ३,००० केल्विन छापलेलं असतं, पांढऱ्याशुभ्रवर ६,५००. म्हणजे आपला 'नारिंगी' तारा तुमच्या ओसरीवरच्या पिवळ्या बल्बपेक्षा कितीतरी पांढरा आहे. सूर्य ५,७७० च्या आसपास. नारिंगी हे नाव त्या रांगेत सूर्याच्या शेजारी उभं केल्यावर आलेलं आहे. दुर्बीण जरा अस्पष्ट कर, ताऱ्याची छोटी तबकडी होऊ दे, आणि लगेच राजन्याकडे वळव. तो फरक डोळ्यांना कळतो. तुपाच्या दिव्याच्या ज्योतीतला पिवळा, इतकाच.

बटू म्हणजेही फार खुजा समजू नकोस. वस्तुमान सूर्याच्या सुमारे ८२ टक्के, व्यास ७४ टक्के, आणि एकूण तेज सूर्याच्या साधारण एक तृतीयांश. एकेक ताराव्यवस्था धरली तर नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्यांत मित्र (अल्फा सेंटॉरी) आणि व्याध यांच्यानंतर हाच आपल्याला सगळ्यात जवळचा.

आता ग्रहाकडे येतो. इथेच तुझा खरा प्रश्न आहे, आणि मला सगळ्यात जास्त इथेच बोलायचंय.

ग्रह कुणी पाहिलेला नव्हता, ताऱ्याचं हलणं मोजलं. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असं आपण म्हणतो, पण दोघंही त्यांच्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. तारा जड, म्हणून त्याचा फेरा छोटासा. त्या फेऱ्यात तो कधी आपल्याकडे येतो, कधी दूर जातो, आणि त्यानुसार त्याच्या वर्णपटातल्या (प्रकाश रंगांत फोडल्यावर मिळणाऱ्या पट्ट्यातल्या) काळ्या रेषा निळ्याकडे किंवा तांबड्याकडे सरकतात. सरकतात म्हणजे किती? रानच्या बाबतीत ग्रहामुळे येणारा वेग सेकंदाला सुमारे ११ मीटर. ताशी चाळीस किलोमीटर, म्हणजे म्हापशाहून पेडण्याला येणारी तुझ्या बाबांची स्कूटर. साडेदहा प्रकाशवर्षांवरचा, आतून उकळत्या वायूचा गोळा स्कूटरच्या वेगानं पुढे-मागे होतोय, आणि तेही सात वर्षांत एकदा. रेषा सरकते ती तिच्या तरंगलांबीच्या दहा कोटी भागांतल्या जेमतेम चार भागांनी.

हे मोजायचं तर वर्णपटलेखकाशेजारी अचूक फूटपट्टी हवी. १९८० च्या दशकात कॅनडाचे ब्रूस कॅम्पबेल आणि गॉर्डन वॉकर यांनी हवाई बेटावरच्या मौना केआ इथल्या दुर्बिणीत ताऱ्याचा प्रकाश हायड्रोजन फ्लोराइड वायूच्या नळकांड्यातून नेला. त्या वायूच्या रेषा ताऱ्याच्या रेषांवर उमटतात आणि त्यांच्या सापेक्ष सरकणं मोजता येतं. वायू जहाल विषारी. रात्रभर दुर्बिणीशी विष घेऊन बसायचं, आणि तेही अशा ग्रहांसाठी की जे आहेत यावर तेव्हा बहुतेकांचा विश्वासच नव्हता. नंतर लोक आयोडीनच्या वाफेवर आले, त्यानं सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. आपल्याकडे माउंट अबूच्या गुरुशिखरावर 'पारस' नावाचा असाच वर्णपटलेखक आहे. तो निर्वात टाकीत ठेवतात आणि त्याचं तापमान जराही हलू देत नाहीत, कारण यंत्र किंचित प्रसरण पावलं की तेही ग्रहासारखंच दिसतं.

कॅम्पबेल-वॉकर यांच्या १९८८ सालच्या निकालांत रानच्या वेगात काहीतरी लय असल्याचा सुगावा होता. मग २००० साली आर्टी हॅट्झेस, विल्यम कॉक्रन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या दुर्बिणींच्या नोंदी जोडून ग्रह असल्याचं जाहीर केलं. सुमारे सात वर्षांची कक्षा, वेगातला चढउतार सेकंदाला १९ मीटर, आणि कक्षा भलतीच लंबगोल. वर्तमानपत्रांत बातम्या झळकल्या. पण पुढे नोंदी वाढत गेल्या तसा तो ग्रह बारीक होत गेला. २०१९ मध्ये दिमित्री माव्हे आणि सहकाऱ्यांनी तीस वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा १९ चे ११.५ झाले होते, लंबगोल कक्षा जवळजवळ वर्तुळ झाली होती आणि वस्तुमान गुरूच्या ७८ टक्क्यांवर आलं होतं. इतर विश्लेषणांत गुरूच्या दोन तृतीयांशापासून गुरूएवढ्यापर्यंत आकडे आहेत. ताऱ्यापासूनचं अंतर मात्र साडेतीन खगोलीय एककांच्या जवळपास टिकून आहे. एक एकक म्हणजे सूर्य ते पृथ्वी.

असं का झालं? दोष निरीक्षकांचा नव्हता. तारा वांड आहे.

रानचं वय ४० ते ८० कोटी वर्षं. सूर्याच्या ४६० कोटींपुढे पोरगेलासा. तरुण तारे स्वतःभोवती वेगानं फिरतात. सूर्याच्या विषुववृत्ताला एका फेरीला पंचवीस दिवस लागतात, रानला साधारण अकरा. वेगानं फिरणाऱ्या ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र जोरदार आणि त्यामुळे अंगभर डाग. आता हा डाग ग्रहाचं सोंग कसं घेतो ते बघ. फिरणाऱ्या ताऱ्याची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. येणाऱ्या कडेवर मोठा डाग आला की त्या बाजूचा प्रकाश कमी पडतो आणि वर्णरेषेचा तोल तांबड्याकडे झुकतो. तारा दूर चाललाय असा भास होतो. पाच-सहा दिवसांनी तोच डाग दुसऱ्या कडेवर, आणि भास उलट. हा खोटा वेग ग्रहाच्या खऱ्या वेगाच्याच मापाचा असतो.

हे पाठ करण्यापेक्षा स्वतः बघ. दुर्बिणीच्या तोंडावर सूर्यासाठीची पक्की गाळणी लावून (नेत्रिकेला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, लावायची काळी काच कधीही नको, ती तडकते आणि डोळा जातो) सकाळी आठच्या आत सूर्यावरचे डाग काढ. रोज एकाच मापाचं वर्तुळ, पेन्सिलीचे ठिपके. दहा-बारा दिवसांत डाग एका कडेवरून दुसऱ्या कडेला गेलेला दिसेल. आठव्या-नवव्या दिवशी, कडेशी चपटा होत चाललेला डाग बघून माझ्या मनात पहिल्यांदा ही रेषांची भानगड नीट बसली. तोवर नुसतीच वाचलेली होती.

अकरा दिवसांचा खेळ सात वर्षांच्या लयीपासून वेगळा काढता येतो. खरी पंचाईत डागांच्या दीर्घ चक्राची. सूर्याचं डागांचं चक्र अकरा वर्षांचं. रानला दोन चक्रं आहेत, सुमारे तीन वर्षांचं आणि सुमारे तेरा वर्षांचं, आणि ग्रहाची सात वर्षं नेमकी मध्ये येऊन बसतात. संशय यायलाच हवा. म्हणून लोकांनी दुसरी नोंद समोर ठेवली. वर्णपटाच्या जांभळ्या टोकाला कॅल्शियमच्या दोन रेषा असतात. तारा चुंबकीयदृष्ट्या खवळला की त्यांच्या तळाशी उजळपणा येतो. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर ऑलिन विल्सन यांनी १९६६ पासून अनेक ताऱ्यांच्या या रेषा मोजायला घेतल्या होत्या. ग्रहाबिग्रहांशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण असं काम पुढे भलत्याच ठिकाणी उपयोगी पडतं. सात वर्षांची लय डागांची असती तर कॅल्शियममध्येही सात वर्षं दिसायला हवी होती. तिथे तीन आणि तेरा सापडतात. वेगात सात सापडतात. शिवाय हिप्पार्कस आणि गाया या उपग्रहांनी मोजलेल्या ताऱ्याच्या जागांतला फरकही ग्रह धरला की जुळतो. एवढ्यावर मी म्हणतो, एगिर आहे.

आता माझी फजिती. २०११ च्या आसपास मला वाटलं, वेग मोजणं आपल्या कुवतीबाहेर, पण अकरा दिवसांनी डाग फिरतात तर ताऱ्याचं तेजही दोन-तीन टक्क्यांनी हलत असेल, ते कॅमेऱ्यानं टिपता येईल. मेव्हण्याचं घर बार्देशच्या किनाऱ्याजवळ, गच्ची मोठी. त्या हिवाळ्यात जमेल तितक्या रात्री तिथे गेलो. साधा डीएसएलआर, ५० मिलिमीटरचं भिंग, फोकस मुद्दाम किंचित बिघडवलेला म्हणजे ताऱ्याचा प्रकाश जास्त ठिपक्यांवर पसरतो, आणि प्रत्येक रात्री तीस-चाळीस फोटो. आजूबाजूच्या चार ताऱ्यांशी तुलना. मार्चमध्ये आलेखाच्या कागदावर सगळं मांडलं तर काय, तीन टक्क्यांचे स्वच्छ खळगे, ठरावीक अंतरानं. अकरा दिवसांनी नाही, सात दिवसांनी. मी हरखून गेलो. छापून आलेलं परिभ्रमण चुकीचं आहे आणि ते गोव्यातल्या एका गच्चीवरून सापडलंय, इथपर्यंत माझी मजल गेली. बायकोला दाखवलं. तिनं तारखा वाचल्या, स्वयंपाकघरातलं कालनिर्णय उतरवून आणलं आणि म्हणाली, "हे सगळे शनिवार आहेत."

किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात दर शनिवारी रात्री आकाशात झोत सोडायचे. त्या दमट हवेत तो उजेड पसरायचा, ताऱ्याच्या भोवतीचं आकाश एका बाजूनं उजळायचं, आणि मी पार्श्वभूमी म्हणून जे वजा करत होतो ते गरजेपेक्षा जास्त वजा होत होतं. तारा होता तसाच होता. त्यानंतर माझ्या वहीत तारखेशेजारी वार लिहायचा रकाना आला, तो अजून आहे.

समाधान एवढंच की या ताऱ्याकडे बघून फसणारा मी पहिला नव्हे. एप्रिल १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या २६ मीटरच्या रेडिओ दुर्बिणीतून परग्रहावरच्या संदेशांचा पहिला शोध घेतला. त्या प्रकल्पाचं नाव ओझ्मा. तारे दोनच निवडलेले, टाउ सेटी आणि आपला एप्सिलॉन एरिडानी. दुर्बीण रानकडे वळवली आणि थोड्याच वेळात धडधडीत जोरदार संकेत! सगळे हादरले. तो पृथ्वीवरचाच निघाला.

तुझ्या यादीतला दुसरा ग्रह कुठून आला तेही सांगतो. १९८० च्या दशकात आयरास उपग्रहाला रानकडून अपेक्षेपेक्षा जास्त अवरक्त किरण येताना दिसले, म्हणजे आजूबाजूला ऊबदार धूळ. १९९८ मध्ये मौना केआवरच्याच जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीनं त्या धुळीचं कडं टिपलं, ताऱ्यापासून साठ-सत्तर एककांवर. आपल्या नेपच्यूनपलीकडे बर्फाळ दगडांचा पट्टा आहे ना, त्याचाच भाऊ, पण कितीतरी दाट. कड्यात काही गाठी दिसल्या. काहींनी गणित मांडलं की चाळीसेक एककांवर एखादा ग्रह असेल तर अशा गाठी होतील. झाला दुसरा ग्रह. मग गंमत बघ. रान आकाशात वर्षाला सुमारे १ विकला (अंशाचा ३,६००वा भाग) सरकतो. काही वर्षांनी परत फोटो घेतले तर तारा आणि त्याचं कडं पुढे गेलेलं, आणि काही गाठी जागच्या जागी. त्या मागच्या दूरच्या दीर्घिका होत्या. कडं खरं आहे, बाहेर कुणीतरी ग्रह असणं अशक्यही नाही, पण त्याला नाव-गाव देण्याइतका पुरावा नाही. म्हणून पेन्सिल.

याच वाटेवर, राजन्याकडून रानकडे जाताना थोडं वर, ४० एरिडानी नावाचा अजून एक नारिंगी बटू आहे, १६ प्रकाशवर्षांवर, ४.४ प्रतीचा. २०१८ मध्ये त्याला ४२ दिवसांचा ग्रह जाहीर झाला. २०२४ मध्ये जास्त अचूक यंत्रानं तपासलं तेव्हा ती ४२ दिवसांची लय ताऱ्याच्या स्वतःच्या हालचालींची निघाली. मित्र ताऱ्यातल्या 'ब' या जोडीदाराचंही तेच. तो आपल्या सगळ्यात जवळचा नारिंगी बटू, २०१२ मध्ये त्याच्या ग्रहाचा जगभर गाजावाजा झाला आणि २०१५ मध्ये तो ग्रह आकडेमोडीतला भास ठरला. तेव्हा निरनिराळ्या ठिकाणी तुला निरनिराळी संख्या सापडते यात नवल नाही. त्या त्या वेळी लिहिलेलं कुणी पुसलेलं नसतं. कुठलीही यादी वाचताना साल आधी बघ.

दुर्बिणीतून ग्रह का नाही, तर कारण तुला वाटतं तितकं सोपं नाही. ताऱ्यापासून ग्रह आकाशात जास्तीत जास्त १ विकलेच्या आसपास लांब जातो. आठ इंची दुर्बीण, हवा स्थिर असली तर, १ विकलेवरचे दोन सारख्या तेजाचे तारे वेगळे करू शकते. म्हणजे अंतर आवाक्यात आहे! अडचण तेजाची. ग्रहावरून परावर्तित होणारा प्रकाश ताऱ्याच्या काही अब्जांश भर. प्रतीत सांगायचं तर पंचविसाव्या प्रतीच्या आसपासचा ठिपका, आणि तुझी दुर्बीण चौदाव्याला दम सोडते. आणि तोही ३.७ प्रतीच्या झगमगाटाला चिकटून. फेस्ताच्या रात्री चर्चच्या रोषणाईत, एका दिव्यावर बसलेला काजवा मांडवीच्या पलीकडून शोधण्यासारखं आहे ते.

फोटो हवाच असेल तर एप्सिलॉन इंडीचा बघ. तोही नारिंगी बटू, बारा प्रकाशवर्षांवर. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीनं ताऱ्याचा प्रकाश अडवून त्याच्या ग्रहाचं सरळ चित्र घेतलं. गुरूच्या सहापट वस्तुमान आणि तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या जेमतेम वर. सूर्यमालेबाहेरच्या इतक्या थंड ग्रहाचं चित्र त्याआधी क्वचितच कुणी घेतलं असेल. तो तारा तुला ऑक्टोबरात आठच्या सुमारास दक्षिण क्षितिजापासून सतराएक अंशांवर गाठावा लागेल. पेडण्यातून अवघड, काणकोणच्या एखाद्या टेकडीवरून जमेल.

राहिली जीवसृष्टी. नारिंगी बटूंबद्दल जे वाचलंस ते चूक नाही. सूर्याला एकूण आयुष्य साधारण हजार कोटी वर्षं, यांना त्याच्या दुप्पट ते सातपट. सूर्यासारख्या ताऱ्यांपेक्षा ते संख्येनं जास्त. आणि लाल बटूंसारखे वर्षानुवर्षं भडके मारून जवळच्या ग्रहांची हवा ओरबाडत नाहीत. मलाही हा मधला मार्ग पटतो. पण ते सगळं वयात आलेल्या नारिंगी बटूंबद्दल आहे. रान अजून पोरवयात आहे, क्ष-किरण आणि अतिनील किरण भरपूर, ताऱ्यावरून सुटणारा वारा सूर्याच्या सुमारे तीसपट असल्याचा अंदाज. पृथ्वीला मिळते तितकी ऊब हवी तर ग्रह ताऱ्यापासून ०.५८ एककावर पाहिजे. तिथे कुणी आहे की नाही हे सांगण्याइतकी बारीक मोजणी अजून होत नाही. पृथ्वीमुळे सूर्य हलतो तो सेकंदाला ९ सेंटीमीटरनं, रांगत्या बाळाहून सावकाश, आणि रानच्या डागांचा गोंगाट त्याच्या शंभरपट आहे. समजा तिथे पृथ्वीसारखं काही असलंच, तर ते आपल्या पृथ्वीच्या त्या वयात आहे जेव्हाच्या जीवांचा ठाम पुरावा इथेही सापडत नाही.

मला हा तारा आवडतो तो वेगळ्याच कारणानं. एक मोठा ग्रह, बाहेर दगडधोंड्यांचं कडं, आतही थोडी धूळ: आपली सूर्यमाला चारशे कोटी वर्षांपूर्वी लांबून कुणाला दिसली असती तर जवळपास अशीच दिसली असती.

कामाची एक गोष्ट, जी दुर्बिणीच्या दुकानदारानं तुझ्या बाबांना सांगितली नसणार. गोव्यात दुर्बीण चोर नेत नाहीत, बुरशी नेते. मिरगाच्या आधी नेत्रिका काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेव आणि दर महिन्याला पुड्या तव्यावर गरम करून परत टाक. आरशाची नळी भिंतीला टेकवून ठेवू नकोस, पावसाळ्यात भिंत पाझरते. माझा पहिला आरसा २००३ च्या श्रावणात गेला, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटली होती. आणि जानेवारीत तारा बघायला जाशील तेव्हा घरातला केस वाळवायचा ड्रायर आणि लांब वायर घेऊन जा. साडेनऊनंतर दव पडायला लागतं, आणि तेव्हाही तो चांगला उंचावर असतो.